इंग्रजी साहित्याची पदवी आणि आपण : नागसेनवनाचा वारसा कोण चालवणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. पोराला आता कशाला घालायचे? बी.सी.ए., आयटीआय, डी.फार्मसी, नाहीतर पोलीस भरतीची अकॅडमी. अशा वेळी एखादी मुलगी म्हणाली की मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचे आहे, तर घरातून दोन उत्तरे ठरलेली असतात. "इंग्रजी यायला पाहिजे, पण त्यासाठी क्लास लाव, डिग्री कशाला?" किंवा "बी.ए. करून पोट भरतं का?" मुकुंदवाडी, भीमनगर, उस्मानपुरा या भागांत काम करताना आम्ही हे वारंवार ऐकतो. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. वाळूजला कंत्राटी काम करून लेकरांना शिकवणाऱ्या बापाने नोकरीचा विचार करायचा नाही, तर कोणी करायचा?

तरीही या उत्तरांत एक गफलत आहे. इंग्रजी बोलता येणे वेगळे आणि इंग्रजीत वाचून, विचार करून, आपले म्हणणे मांडता येणे वेगळे. पहिले काम क्लासमध्ये काही महिन्यांत थोडेफार जमते. दुसऱ्याला वर्षे लागतात. समाज म्हणून आपण आज पहिल्याच्या मागे लागलो आहोत. चळवळ मात्र दुसऱ्याच्या बळावर उभी राहिली.

बाबासाहेबांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ चे भाषण इंग्रजीत लिहिलेले आहे. ज्या ग्रंथाचे आपण वर्षावासात विहारात वाचन करतो, तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मुळात इंग्रजीत लिहिला गेला आणि १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. मराठीत तो नंतर आला. बाबासाहेब अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि कायद्याचे विद्यार्थी होते, पण जगाला आपले म्हणणे ऐकायला लावणारी भाषा त्यांनी मेहनतीने कमावली होती. त्याच्याही आधी, १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचे महत्त्व कवितेतून सांगितले होते.

नागसेनवनातून काय निघाले?

आपल्या शहरापुरते बोलायचे तर हा वारसा दूर शोधायला नको. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हे भिक्खू. दोघांची प्रश्नोत्तरे म्हणजे 'मिलिंदपञ्हो'. परक्या संस्कृतीतून आलेला राजा निर्भीडपणे प्रश्न विचारतो आणि भिक्खू न चिडता उत्तर देतात. शिक्षणसंस्थेला याहून चांगले नाव कोणते असेल?

याच परिसरात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक घडले. अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून आलेले डॉ. म. ना. वानखडे मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेतील काळ्या लेखकांचे साहित्य आणि आपले लेखन यांची सांगड घालून त्यांनी इथल्या तरुणांसमोर नवी दिशा ठेवली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'मधून त्या पिढीला लिहायला जागा दिली. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांनी अमेरिकन निग्रो साहित्याची ओळख मराठीत करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' हे नाव घेतले गेले, त्यामागेही हेच दूरचे नाते होते. म्हणजे इंग्रजी साहित्याच्या अभ्यासातून आपल्या चळवळीला एक मोठा मित्र सापडला. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधून तो सापडला नसता.

आज वर्गात काय चालते?

मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी घरे जळताना पाहिली, जीव गमावले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. कमानीवर नाव आले, पण आतल्या वर्गात आपले काय चालले आहे, हे तितक्याच काळजीने पाहिले गेले नाही.

अनेक महाविद्यालयांत इंग्रजीची पदवी म्हणजे गाईड, नोट्स आणि संभाव्य प्रश्नांची यादी. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी शेक्सपिअरचा सारांश पाठ करतो, पास होतो. पण तीन वर्षांत त्याने स्वतःच्या मनाने इंग्रजीत एक पान लिहिलेले नसते. शिकवणारे बहुतेकदा तासिका तत्त्वावर. नेट-सेट, पीएच.डी. होऊनही त्यांचे पोट तासांच्या हिशेबावर. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या सत्रात राहील की नाही याची खात्री नाही, त्याने साठ वह्या लाल पेनाने तपासाव्यात ही अपेक्षा कशी करायची?

नवीन शैक्षणिक धोरणाची पदवी रचना २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांत आली. चार वर्षांची ऑनर्स पदवी, आणि एक, दोन किंवा तीन वर्षांनी बाहेर पडण्याची सोय. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणारा कोण असेल? ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत तोच. पूर्वी त्याला गळती म्हणत, आता कागद हातात देऊन निरोप देतील. हा धोका ओळखून आपल्या मुलांना किमान तिसऱ्या वर्षापर्यंत टिकवणे हे संघटनांचे काम आहे.

याच रचनेत एक संधीही आहे. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र श्रेयांक आहेत. त्यांत भाषांतर, संपादन, वृत्तलेखन शिकवता येते. 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषयही आहे. त्यात 'मिलिंदपञ्हो' आणि 'थेरीगाथा' का नसावीत? ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 'मिलिंदपञ्हो'चे इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच केले आहे. पण मागणी केल्याशिवाय हे ग्रंथ अभ्यासक्रमात आपोआप येणार नाहीत.

आपले दुःख कोणाच्या शब्दांत?

दलित साहित्य आज देश-विदेशांतील इंग्रजी विभागांत शिकवले जाते. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले 'पॉयझन्ड ब्रेड' १९९२ मध्ये आले. बेबीताई कांबळे आणि ऊर्मिला पवार यांची आत्मकथने माया पंडित यांनी, 'बलुतं' जेरी पिंटो यांनी, नामदेव ढसाळांची कविता दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत नेली. या सर्वांचे ऋण आहे. पण कोणते पुस्तक जगापुढे जावे, प्रस्तावनेत काय यावे, हे ठरवणाऱ्यांत आपली माणसे किती? 'जोहार' हा शब्द इंग्रजीत साधा नमस्कार होऊन गेला, तर त्यातली वाकलेली मान हरवते. ती मान ज्याच्या आजोबाने वाकवली, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. नागपूरचे योगेश मैत्रेय यांनी २०१६ मध्ये 'पँथर्स पॉ' ही प्रकाशनसंस्था उभी केली आणि २०२३ मध्ये स्वतःचे आत्मकथन थेट इंग्रजीत दिले. वाट आहे, चालणारे कमी आहेत.

ती वाट सोपीही नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. जातीवर किंवा दलित साहित्यावर बाहेर जाऊन संशोधन करू पाहणाऱ्याचे दार त्यामुळे अरुंद झाले. इकडे बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधकांना वारंवार आंदोलनाला बसावे लागले. अभियंता होणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आपण बोलतो, तसे या मुलांसाठीही बोलले पाहिजे.

केवळ बी.ए. इंग्रजीवर नोकरी मिळेल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. बी.एड., सेट, स्पर्धा परीक्षा, भाषांतर, पत्रकारिता यांपैकी एखादी जोड लागतेच. पण नीट वाचता-लिहिता येणारा माणूस या प्रत्येक ठिकाणी पुढे असतो, हेही तितकेच खरे.

म्हणून काही कामे हाती घेता येतील. विहाराच्या ग्रंथालयात दर रविवारी दोन तास इंग्रजी वाचन आणि एक पान लेखन. आपल्या प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा येऊन ती पाने तपासावीत. संघटनांनी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला अभ्यासक्रमाबाबत लेखी सूचना द्याव्यात. आणि या जूनमध्ये एखादी मुलगी इंग्रजी साहित्य घ्यायचे म्हणाली, तर तिला अडवण्याआधी प्रवेश घेणाऱ्या महाविद्यालयात जाऊन विचारावे : इथे लिहायला शिकवतात का, वह्या कोण तपासतो, ग्रंथालयातली पुस्तके घरी मिळतात का? नागसेनवनाच्या शहरात असे प्रश्न विचारायला कोणी संकोच करू नये.