मायाची कंबर राहू द्या, गोष्टीची लांबी पाहा



बॉबलिंगेनमध्ये चार मराठी कुटुंबे जमली की शेजारच्या झिंडेलफिंगेनमधल्या मर्सिडीझच्या कारखान्यानंतर विषय निघतो तो मुले टीव्हीवर काय पाहतात याचा. त्यावर एकमतही झटकन होते : जुनी कार्टून झकास होती, नव्याने काढून त्यांची वाट लावली. जर्मन शेजारी ‘मधमाशी माया’बद्दल अगदी हेच म्हणतात आणि पुरावा म्हणून मायाच्या कमरेकडे बोट दाखवतात. तक्रार रास्त आहे, पण नेम चुकला आहे.

आधी हकीगत. जपानमध्ये १९७५ साली तयार झालेली माया जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीवर सप्टेंबर १९७६ पासून दिसू लागली. कारेल गॉट या चेक गायकाने गायलेले तिचे शीर्षकगीत आज पन्नाशी ओलांडलेले जर्मन लोक अजून गुणगुणतात. २०१३ मध्ये त्याच वाहिनीवर नवी माया आली. ही संगणकावर घडवलेली, त्रिमितीतली आणि अंगाने चांगलीच सडपातळ. गीतही आता हेलेने फिशरच्या आवाजात. गोलमटोल माया बारीक का केली, यावरून तेव्हा जर्मन वर्तमानपत्रांत बरीच धुसफूस झाली.

पण जिच्या नावाने गळे काढले जातात, ती १९७५ ची माया तरी कुठे अस्सल होती? मूळ पुस्तक वाल्डेमार बोन्झेल्सचे, १९१२ चे. मायाच्या सावलीसारखा वावरणारा तो ऐदी विली त्या पुस्तकात नाहीच. त्याला मालिकेसाठी जन्माला घातले. पुस्तकाचा शेवट गांधीलमाश्यांशी झालेल्या घनघोर लढाईने होतो, आणि पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैनिकांमध्येही लोकप्रिय होते. मालिकेने ही युद्धाची धार बोथट केली आणि मुलांचे भलेच केले. तेव्हा बदल हाच गुन्हा मानला, तर पहिल्या आरोपी जुन्या मालिकाच ठरतात.

मोगलीचेही तेच. किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ चे. त्यातले सिवनीचे रान आजच्या मध्य प्रदेशात, नागपूरहून फार दूर नाही. आणि गोष्टीतली वैनगंगा पुढे भंडारा, गडचिरोलीतून वाहते. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये त्याची मालिका केली. दूरदर्शनने १९९३ मध्ये ती हिंदीत आणली, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचे संगीत घेऊन. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. वैनगंगेकाठचा वाघ जपानमध्ये रंगवला गेला, मुरुडच्या माणसाच्या गळ्यातून हिंदीत गुरगुरला आणि रविवारी सकाळी मराठी घरांत बिनतक्रार शिरला. परका वाटला नाही.

तोच मोगली २०१० साली पुन्हा आला. या वेळी तो हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने फ्रेंच भागीदारासह बनवला, आणि त्यात झेडडीएफचाही वाटा होता. म्हणजे इथली मुले जर्मनमध्ये ऐकतात तो मोगली निदान कारागिरीने तरी जुन्यापेक्षा अधिक भारतीय आहे. ‘आमचा मोगली असा नव्हता’ म्हणणाऱ्या बाबालोकांनी हे ध्यानात घ्यावे.

मग बिघडले कुठे? लांबीत. जुना मोगली बावन्न भागांचा, प्रत्येक भाग पंचवीसेक मिनिटांचा. जुनी मायाही तशीच. नव्या मोगलीचा एक भाग अकरा मिनिटांत आटोपतो, नव्या मायाचा बारा-तेरा मिनिटांत. एवढ्या वेळात एक खोडी, एक घोटाळा आणि एक सुटका इतकेच बसते. पुढच्या भागात सगळे पुन्हा जागच्या जागी. आदल्या दिवशीच्या भांडणाचा ओरखडा कोणाच्याच मनावर राहत नाही. मायाच्या मालिकेतल्या टेक्ला कोळिणीच्या जाळ्यात आता कोणी अडकले, तरी तो सुटणार हे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते, घड्याळच सांगते.

संगणकाला दोष देणाऱ्यांसाठी ‘हायडी’चे उदाहरण पुरे आहे. योहाना श्पिरींच्या या कथेवर इसाओ ताकाहाता यांनी १९७४ मध्ये बावन्न भागांची मालिका केली; त्या चमूत तरुण हायाओ मियाझाकीही होते. चाकाच्या खुर्चीतली क्लारा पायांवर उभी राहते ती मालिकेच्या अखेरीस. तोवर मुलांना थांबावे लागते, आणि सगळी गंमत त्या थांबण्यात असते. २०१५ मध्ये आलेली नवी हायडीही संगणकावरचीच आणि नवी माया बनवणाऱ्या स्टुडिओ १०० या बेल्जियन कंपनीचीच. तरी तिचे भाग वीस मिनिटांहून मोठे ठेवले आणि गोष्ट पुढे सरकत ठेवली. चेहरे जरा प्लास्टिकचे वाटतात, हे मान्य. पण गोष्ट शाबूत आहे. यंत्र तेच, कंपनी तीच. मग फरक पडला तो निर्णयाने.

छोट्या भागांमागचे गणित उघड आहे. सुटे भाग कोणत्याही देशाच्या वाहिनीला कोणत्याही क्रमाने दाखवता येतात. शिवाय स्टुडिओ १००ने २००८ मध्ये माया, हायडी आणि छोटा व्हायकिंग व्हिकी या सगळ्यांचे हक्क असलेली कंपनीच विकत घेतली. तिच्याच हासलोखमधल्या मनोरंजन उद्यानात आज ‘मायालँड’ आहे. पाळण्यात बसायला येणाऱ्या मुलाला मायाचा चेहरा ओळखता आला की काम झाले. तिची कथा त्याला माहीत असायची गरज नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलांना अकरा मिनिटे पुरतात, असे यावर सांगितले जाते. खरे आहे, त्यांच्यासाठी छोटे भाग जरूर असावेत. पण सहा-सात वर्षांच्या मुलांनाही तेवढेच द्यायचे, हे कोणी ठरवले? त्याच वयात त्यांच्या आईबापांनी बावन्न भाग पचवले होते, तेही मधला एखादा चुकला तर पुन्हा पाहायची सोय नसताना.

नव्याने काढणे कसे जमते, हे ‘पुमुक्ल’ने दाखवले. म्युनिकच्या सुताराच्या घरातले हे लाल केसांचे भूत १९८२ मध्ये पडद्यावर आले. माणसे खरी, भूत तेवढे चित्रातले. सुतार एडरची भूमिका करणारे गुस्टल बायरहामर १९९३ मध्ये गेले, पुमुक्लचा आवाज असलेले हान्स क्लारिन २००५ मध्ये. २०२३ अखेरीस आलेल्या नव्या मालिकेने हे झाकून ठेवले नाही. एडर वारला आहे, त्याचा पुतण्या कार्यशाळेत येतो आणि पुमुक्लला तिथे नवा माणूस भेटतो. भूत पूर्वीसारखेच सपाट चित्रातले. नव्या कलाकाराचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने क्लारिन यांच्या आवाजाजवळ नेला, यावर मतभेद होऊ शकतात आणि व्हावेतही. पण मुलांना मृत्यूची गोष्ट सांगायला हे लोक कचरले नाहीत. गंमत म्हणजे ही मालिका काढली जाहिरातींवर चालणाऱ्या खासगी आरटीएलने, आणि तुकडे पाडले ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या झेडडीएफने.

हा पैसा मराठी घरांतूनही जातो. जर्मनीत प्रत्येक घराला दरमहा १८.३६ युरो प्रसारण-शुल्क भरावे लागते, घरात टीव्ही असो वा नसो. एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक प्रसारणसंस्था मिळून १९९७ पासून चालवत असलेली ‘किका’ ही मुलांची वाहिनी त्यातूनच चालते, म्हणून तिच्यावर जाहिराती नसतात. ज्या वाहिनीला साबण विकायचा नाही, तिने लांब गोष्टीला भिण्याचे कारण काय?

आपल्याकडे दुसरी वाटही दिसली. युगो साको आणि राम मोहन यांचा ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा जुना भारत-जपान चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये स्वच्छ करून, नव्या आवाजांसह भारतातल्या चित्रपटगृहांत आणला. एकही चित्र बदलले नाही. जुनी माया आणि जुना मोगली यांच्याबाबत हे का होऊ नये?

मराठी पालकांनी कमरेवरची चर्चा आवरती घ्यावी आणि मुद्दा योग्य दारी न्यावा. मायन्समध्ये झेडडीएफचे साठ सदस्यांचे प्रेक्षक-मंडळ आहे. कार्यक्रमांविषयी सूचना किंवा तक्रार कोणालाही पाठवता येते, त्यासाठी जर्मन पासपोर्ट लागत नाही. मागणी दोनच ओळींची हवी : सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी वर्षाला किमान एक सलग, पंचवीस मिनिटांच्या भागांची मालिका काढा, आणि जुन्या मालिका किकावर ठरलेल्या वेळी, ओळीने दाखवा.

— एक वाचक, बॉबलिंगेन (जर्मनी)