शिट्टीचे शिक्षण

बारावी झालेला मुलगा "मला खेळाचा कोर्स करायचाय" असे म्हणाला की घरात जी शांतता पसरते, ती आमच्या सिल्लोडात मिरचीचा भाव कोसळला तरी पसरत नाही. आई पदर तोंडाला लावते. बाप विचारतो, "म्हंजे शिट्टी वाजवायला दोन वर्षं शिकणार काय रे?" आणि जन्मात चहाच्या टपरीपलीकडे न धावलेले मामा सुचवतात, "त्यापेक्षा पोलीस भरतीचं बघ."

भरतीचं बघावंच. पण तिथे मैदानाचे 50 गुण असतात बरं का! सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी पोरं भल्या पहाटे अजिंठ्याच्या रस्त्याने, ट्रकच्या दिव्यांत डोळे मिचकावीत धावतात. चार दिवसांत नडगी ठणकू लागली की कुणी हळद सांगतं, कुणी देवऋषी. डांबरावर धावून नडगी का ठणकते हे ज्याला ठाऊक असतं, तो माणूस नेमका ह्याच कोर्सातून बाहेर पडतो, ज्याला मामा हसतात.

बारावीनंतर डी.पी.एड., दोन वर्षं. पदवीनंतर बी.पी.एड.; ते पूर्वी एका वर्षात उरकायचं, 2014 च्या नियमावलीने तेही दोन वर्षांचं झालं. त्यात शरीररचना आहे, मानसशास्त्र आहे, मैदानाची आखणी आहे. चारशे मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या पट्टीतला गडी पहिल्यापेक्षा 7.04 मीटर पुढे का उभा करतात, हा हिशेब जरा आपल्या गणिताच्या सरांना घाला. हो, तेच सर, जे पी.टी.चा तास "पोर्शन राहिलाय" म्हणून दर परीक्षेआधी मागून घेतात. पी.टी.च्या सरांनी कधी भूमितीचा तास मागितल्याचं ऐकलंय?

ही काही कालची टूम नव्हे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे. 1936 साली त्यांची मंडळी बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आली. तेव्हाही कुणाचे तरी मामा हसलेच असणार. पुढे 1952 साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं आणि त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देश 1996 पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं, ताटकळत बसला. एवढ्या वर्षांत पी.टी.चे किती तास गणिताने खाल्ले असतील, हा हिशेब मात्र कुणी केला नाही.

"पण नोकरी कुठंय?" हा बापाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जागा थोड्या, आणि त्याही बऱ्याचदा मानधनावर. पण हा दोष कोर्साचा कसा? 2009 चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक हवा. तेव्हा पोराला झापण्याआधी बापाने शाळेत जावं आणि हेडमास्तरांना विचारावं, "आमच्या शाळेचा निदेशक कोणता?" मामांनाही सोबत न्यावं. शाळेपर्यंत चालतच जावं म्हणतो मी.