लीगची शिडी आणि गोंदियाचे मैदान

2025 च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगाम अनिश्चित काळासाठी लांबणीवर पडला. काही क्लबांनी पगार थांबविले. ऑक्टोबरात लीगच्या व्यापारी हक्कांची निविदा निघाली, तर बोली लावण्यास एकही उद्योगपती पुढे आला नाही. एवढ्या मोठ्या देशाचे फुटबॉल एका कराराच्या खुंटीवर टांगलेले होते, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले.

गोंदियाकरांनी या कराराकडे परके म्हणून पाहू नये. 15 वर्षांचा व 700 कोटी रुपयांचा तो करार 2010 च्या डिसेंबरात झाला, तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते भंडारा-गोंदियाचे खासदार श्री. प्रफुल्ल पटेल. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूर करीपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीत खेळात पैसा आला, 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमचा आक्षेप रचनेवर आहे.

लीग म्हणजे शिडी. जिंकेल तो चढेल, हरेल तो उतरेल. इंग्लंडातील ल्यूटन टाउन 2014 पर्यंत पाचव्या श्रेणीत होता. 2023 मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. आपल्याकडे 2014 साली सुपर लीगचे आठ संघ मैदानावर नव्हे, बोलीवर ठरले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो व त्याचा शेजारी साळगावकर 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, कारण पराक्रम करूनही वर जाण्याची वाट उरली नव्हती. ही वाट 2023 मध्ये पंजाबच्या संघासाठी उघडली, 2024 मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगसाठी. मात्र 2024-25 पर्यंत वरून खाली कोणीच आला नाही. ज्यास पडण्याचे भय नाही, त्याने गावोगाव खेळाडू शोधत का हिंडावे?

सुपर लीगखाली आणखी तीन राष्ट्रीय श्रेणी व त्यांखाली राज्यांच्या लीग आहेत. कागदावर शिडी पुरी दिसते. पण विदर्भाचा एकही संघ आजवर सुपर लीगमध्ये खेळलेला नाही. विदर्भाचेच कशाला, कोल्हापूर पाहा. तेथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर झुंजतात, सारे शहर लोटते. 2017 च्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. तरीही पेठेची लीग जिंकणाऱ्या तालमीची मजल शहराच्या वेशीपर्यंतच. जेथे हौस ओसंडते तेथे ही गत, मग गोंदियाच्या पोराने कोणत्या पायरीवर पाय ठेवावा?

जुना करार 2025 च्या डिसेंबरात संपला. नव्या व्यवस्थेच्या अटी ठरविण्याची हीच वेळ. सुपर लीगमधून अवनती कोणत्या हंगामापासून, हे त्यात तारखेनिशी लिहावे. उत्पन्नाचा ठराविक हिस्सा जिल्हा लीगसाठी राखावा. आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने मुंबईतून थोडे पूर्वेकडे पाहावे. गोंदिया, भंडारा, कामठी व नागपूर एकाच लोहमार्गावर आहेत. सकाळच्या गाडीने जाऊन, सामना खेळून, रात्री घरी परतता येईल अशी विदर्भ लीग उभारण्यास बोली लावणाऱ्या उद्योगपतीची वाट पाहण्याचे कारण नाही. मैदाने, पंच व तिकिटाचे पैसे एवढ्यावर ती पुढच्याच हंगामात सुरू होऊ शकते.