क्लॅप कोण मारतो, कट कोण सांगतो?

विद्यापीठातली पोरं एकत्र येऊन शॉर्ट फिल्म करतात, याचं हल्ली फार कौतुक चाललंय. चालू द्या. आपला सवाल 'एकत्र' या शब्दाचा आहे. एकत्र म्हणजे कोण कोण? आणि त्या एकत्रात आपली पोरं नेमकी कुठं उभी?

मी गोदीत ठेकेदाराकडं हमाली करतो. शिक्षण दहावी. पण टोळीनं काम कसं होतं ते मला कुणी शिकवू नये. क्रेनवाल्याला जहाजाच्या पोटातलं दिसत नाही. काठावरचा गडी हातानं इशारा करतो तसा तो हूक सोडतो. इशारा चुकला की खालच्याचं डोकं फुटलं. सिनेमाही टोळीचंच काम. क्लॅप काय शोभेला मारत नाहीत. चित्र वेगळं घेतात, आवाज वेगळा घेतात. मागाहून दोन्ही जुळवायला ती खूण लागते.

२०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या फिल्मांसाठी असलेल्या 'ला सिनेफ' विभागात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटनं पहिलं बक्षीस मारलं. फिल्मचं नाव 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो'. म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्य उगवेनासा होतो, ही कन्नड लोककथा. एका वर्षाच्या टीव्ही कोर्सच्या शेवटी चार शाखांतल्या चौघांनी मिळून केलेलं काम. दिग्दर्शन चिदानंद नाईक, कॅमेरा सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही., आवाज अभिषेक कदम. आता सांगा, यातली किती नावं तुम्हाला ठाऊक होती? नाईकांचा यात दोष नाही. दोष आहे तो टोळीचं काम एकाच्या नावावर लावायच्या आपल्या सवयीचा. या देशात ही सवय फार जुनी आहे.

ही झाली चार नावांची गोष्ट. लाइट उचलणाऱ्याचं काय? कॉलेजच्या ग्रुपमध्ये आपल्या पोराला सांगतात, 'तू प्रॉडक्शन बघ.' म्हणजे काय? वडापाव आण, टेम्पो ठरव, तुझ्या वस्तीतल्या लोकांशी बोल. स्क्रिप्ट त्यांची, फ्रेम त्यांची, वस्ती आपली!

मागल्या साली एका कॉलेजची पोरं आमच्या वस्तीत आली. हमालावर फिल्म करायची म्हणाली. गोदीत शिरायला पास लागतो, म्हणून गल्लीतच शूटिंग. म्हणाले, शर्ट काढून पोतं उचला. मी म्हटलं, भावांनो, आम्ही हेल्मेट आणि चमकतं जाकीट घालून कामावर जातो. उत्तर आलं, 'ते फ्रेममध्ये बरं दिसत नाही.' शेवटी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या हमालाचा शर्ट उतरवला. तो बाबा कॅमेऱ्यासमोर पाच मिनिटं बोलला, ठेकेदार पगारातले पैसे कसे खातो ते. फिल्म झाली. तिच्यात बाबाची पाठ आहे, बोलणं नाही. पाठ ठेवली, जीभ कापली!

ही कापाकापी कॅमेऱ्यापाशी होत नाही, मित्रांनो. ती होते एडिटिंगच्या टेबलावर. बंद खोलीत. आणि त्या खोलीत आपलं कुणी नसतं.

असलं की काय होतं तेही बघा. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना नागराज मंजुळेनं 'पिस्तुल्या' केली. शाळेची ओढ लागलेल्या गरीब पोराची पंधराएक मिनिटांची फिल्म. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्यातला सूरज पवार पुढं २०१३ च्या 'फँड्री'त आणि २०१६ च्या 'सैराट'मध्ये दिसला. तिथं पोराकडं दयेनं बघणारा पाहुणा कॅमेऱ्यामागं नव्हता. घरचाच माणूस होता. फरक तिथं पडला.

आणि केरळ विसरू नका. कोट्टयमजवळच्या सरकारी फिल्म संस्थेला पहिले दलित राष्ट्रपती के. आर. नारायणन यांचं नाव आहे. तिथंच जातिभेद होतो, राखीव जागा डावलतात, झाडूवाल्या बायांना संचालकाच्या घरी राबवतात, असे आरोप झाले. संचालकानं ते नाकारले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थी संपावर बसले. त्या बायाही त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. जानेवारी २०२३ मध्ये संचालकाला राजीनामा द्यावा लागला. याला म्हणतात एकत्र!

कुणी म्हणेल, कलेत लोकशाही चालत नाही, दिग्दर्शक एकच लागतो. कबूल. टोळीलाही मुकादम एकच लागतो. पण दर वेळी तोच मुकादम आणि दर वेळी तोच हमाल, ही कला नव्हे. ही गावकी झाली. या फिल्मला लाइट उचलणारा पुढच्या फिल्मला कट सांगेल, असं आधी ठरवा. मगच वडापाव आणायला जा.

म्हणून आपल्या कॉलेजातल्या पोरापोरींना सांगणं आहे. ग्रुपमध्ये जा, पण रिकाम्या हातानं 'प्रॉडक्शन बघायला' जाऊ नका. एडिटिंग शिका. आवाज शिका. आज मोबाईलवर शूट होतं, मोबाईलवर कापता येतं. वस्तीत शूट केलं तर महोत्सवाला पाठवायच्या आधी वस्तीला दाखवा. चादर बांधा, लोकांना बसवा. ज्याची पाठ घेतली त्याला विचारा, बाबा, काय राहिलं? तो सांगेल ते घाला. शेवटी नावं येतात तिथं पोतं उचलणाऱ्याचंही नाव आलं पाहिजे.

आपल्याला पडद्यावर यायचंय ते पाठ दाखवायला नाही. पाच हजार वर्षं पाठच दाखवली. आता तोंड दिसू द्या, आणि कट कुठं करायचा ते आपल्याला ठरवू द्या.