कुलूप बदललं, घर शाबूत आहे

सर्व्हर अपग्रेड झाला, जुना प्रोग्राम डेटाबेसला जोडला जाईना, की ओरड सुरू होते: "डेटा उडाला!" मंडळी, बहुतेक वेळा तो जागेवरच असतो. मायएसक्यूएल ८.० ने (२०१८) पासवर्ड तपासायची नेहमीची पद्धत बदलली. जुन्या ड्रायव्हरला ती कळत नाही, एवढंच.

खरा धोका जोडणी झाल्यावर असतो. ८.० च्या आधी न सांगता मिळणारा कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ होता. त्यामुळे कितीतरी जुन्या टेबलांत मराठी युनिकोड लॅटिन-१ च्या नावाखाली बसलंय. नवी जोडणी यूटीएफ-८ ची केली की नावांची खिचडी दिसते. तीही सुधारता येते. पण स्ट्रिक्ट मोड बंद ठेवून तशाच टेबलात नवं नाव भरलं, तर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. ती अक्षरं परत येत नाहीत.

नांदेड-लातूरकडच्या शाळा, पतसंस्था, आडत दुकानांत असे प्रोग्राम अजून असतील. लिहिणारा पोरगा केव्हाच पुण्याला गेलेला. म्हणून माझं म्हणणं साधं आहे: आधी बॅकअप, मग प्रतीवर प्रयोग, आणि तोवर नवी नोंद बंद. चार दिवस काम अडलेलं चालेल. ज्ञानोबाच्या दाखल्यावर प्रश्नचिन्हं नकोत.