भट्टी लहान, म्हणून आग लहान नसते

राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 साली आले, विंचूरला वाइन उद्यान उभे राहिले आणि नाशिक जिल्ह्याची ओळखच पालटली. वाइनच्या पुढचे स्वाभाविक पाऊल म्हणजे ब्रँडी किंवा मोहाचे मद्य गाळणारी लहान भट्टी. डहाणूला मोहफुलांपासून मद्य गाळणारा उद्योग आहेच. दिंडोरी-निफाडचे द्राक्ष आणि सुरगाणा-पेठचा मोह पाहता नाशिकलाही ही वाट मोकळी आहे. मद्यपानाच्या इष्टानिष्टतेचा वाद स्वतंत्र आहे. येथे प्रश्न इमारतीचा आणि आगीचा आहे.

बांधकामाचे व अग्निसुरक्षेचे नियम मोठ्या कारखान्यांकडे पाहून केलेले आहेत, सबब लहानांना सूट द्यावी, असा युक्तिवाद केला जातो. त्यातील अर्धा भाग खरा आहे. पाण्याची टाकी, पंप, ठिणगी बाहेर न पडू देणारी वीजजोडणी, वायुवीजन आणि सभोवती मोकळी जागा यांचा खर्च उत्पादनाच्या प्रमाणात घटत नाही. महिन्याला हजार लिटर गाळणाऱ्याला तो लाख लिटरवाल्यापेक्षा दर बाटलीमागे कितीतरी जड जातो.

परंतु आग कोणाची उलाढाल विचारत नाही. वाइनमध्ये अल्कोहोल बारा-चौदा टक्के असते. नेहमीच्या तापमानात ती ठिणगीने पेटत नाही. तीच वाइन गाळली की चित्र बदलते. शुद्ध अल्कोहोलची वाफ सुमारे 13 अंश सेल्सिअसला आणि चाळीस टक्क्यांच्या मद्याची सुमारे 26 अंशांना पेट घेऊ शकते. नाशिकच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. शिवाय ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते. वाइनरीला पत्र्याची पडवी जोडून तीत भट्टी बसविणे म्हणजे केवळ एक खोली वाढविणे नव्हे. ती निराळ्या जातीची इमारत होय.

1960 साली ग्लासगोत व्हिस्कीच्या गोदामाला आग लागून भिंती कोसळल्या आणि अग्निशमन व बचाव दलांचे 19 जण मृत्युमुखी पडले. नफा एकाचा आणि जोखीम भलत्याची, हा अर्थशास्त्रातील जुना पेच येथे रक्ताने लिहिला गेला. म्हणूनच सूट हा उपाय नव्हे.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. तथापि तपासणाऱ्याचे शुल्क तपासून घेणाराच देत असेल, तर प्रमाणपत्र कागदावर चोख आणि पंप मात्र बंद, असे घडण्यास वाव राहतो. तेथे अधूनमधून अकस्मात सरकारी पडताळणी हवी.

खर्चाचे ओझे हलके करण्याचा मार्ग वेगळा आहे. लहान भट्ट्यांना औद्योगिक वसाहतीत एकत्र भूखंड द्यावेत. पाण्याचा साठा, जलवाहिन्या आणि अग्निशमन केंद्र सामाईक असावे. नियमांची पायरी उलाढालीवर न ठरवता एका वेळी साठविलेल्या मद्यार्काच्या लिटरांवर ठरवावी. उत्पादनशुल्क, बांधकाम आणि अग्निशमन या खात्यांनी पाहणी एकत्र करावी. दोन इमारतींमधील अंतर आणि बाहेर पडण्याची वाट यांत मात्र तसूभरही सवलत नसावी.

लहान उद्योगाला शासनाने हात अवश्य द्यावा. पण तो पैशाच्या रूपाने द्यावा, शेजाऱ्याच्या व कामगाराच्या जिवाच्या रूपाने नव्हे.