प्रगतिपत्रक की समाधानपत्रक?

वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार असो वा सिडकोतील बँक कर्मचारी, प्रगतिपत्रकावर सही करताना त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : मुलाला नेमके काय येते? छत्रपती संभाजीनगरातीलच नव्हे, तर अवघ्या महाराष्ट्रातील पालकाला त्याचे उत्तर मिळते ते ‘ब-१’ अशा श्रेणीत आणि ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ अशा गुळगुळीत नोंदीत!

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. हेतू स्तुत्यच होता. घोकंपट्टीतून आणि नापासाच्या शिक्क्यातून बालमनाची सुटका व्हावी, यास कोण विरोध करील? पहिली-दुसरीसाठी ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम यांवर ठेवला गेला. परंतु निरीक्षणाला सवड लागते. जनगणना आणि निवडणुकीच्या कामांना तर कायद्याच्या कलम २७ नेच मुभा दिली आहे. त्यावर माहितीचे तक्ते भरण्याचे ओझे. परिणामी बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि चाळीस मुलांच्या चाळीस स्वभावांना एकाच साच्यातील वाक्ये चिकटू लागली.

आठवीपर्यंत सारे उत्तीर्ण. नववीत मूल अडखळले की पालकाला प्रथमच सत्य कळे. तेव्हा फार उशीर झालेला असे. २०१९ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त केला, २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. हे योग्यच झाले. मात्र पहिलीत राहिलेली उणीव पाचवीच्या अखेरीस सांगणे, हे निदान नव्हे, पंचनामा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ‘समग्र प्रगतिपत्रक’ सुचवते. परंतु नोंदीच खऱ्या नसतील, तर रकाने वाढतील, सत्य वाढणार नाही.

उपाय कायद्यातच आहे. कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्या बैठकीत मुलाने पालकासमोर एक उतारा वाचावा, एक भागाकार सोडवावा. जे येत नाही ते शिक्षकाने साध्या मराठीत लिहून द्यावे. जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी हा आग्रह धरावा. ज्या समाजाला आपल्या मुलांविषयीचे सत्य ऐकण्याचे धैर्य नाही, त्याने त्यांच्या उज्ज्वल भवितव्याच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात?